गेलेली वाचा आणि वामनदादांचे गाणे

महाकवी वामनदादा कर्डक यांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून गावोगावी पोहोचवला, हे आपण सगळेच सांगतो. आमच्या घरावर दादांचे आणखी एक ऋण आहे. अर्धांगवायूने आमच्या आईची वाचा गेली होती. ती परत आणताना दादांची गाणी कामी आली. ते ऋण मान्य करावे आणि आम्ही जे शिकलो ते वस्तीतील इतर घरांनाही कळावे, म्हणून हा लेख.

आई चार घरची धुणीभांडी करायची. विहारातल्या महिला मंडळात गाताना तिचा आवाज सगळ्यांच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचे तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, बोलणे बंद झाले. शेजाऱ्यांनी लगेच १०८ ला फोन लावला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी दिसली. जीव वाचला, हळूहळू पायही चालू लागला. शब्द मात्र येईना. पाणी हवे असले तरी तोंडून ‘ते... ते...’ एवढेच निघे. आमचे बोलणे तिला सगळे समजायचे. म्हणूनच ती जास्त रडायची. काही जण म्हणाले, ‘डोक्यावर परिणाम झाला.’ तसे मुळीच नव्हते. या अवस्थेला डॉक्टर ‘अफेझिया’ म्हणतात. यात माणूस वेडा होत नाही. मनातला शब्द त्याच्या ओठावर येत नाही.

पुढे एप्रिलमध्ये जयंतीच्या तयारीत विहाराच्या स्पीकरवर दादांचे गाणे लागले. दारात बसलेली आई ध्रुपदाला गाऊ लागली. शब्द स्पष्ट, ओळ पुरी! गाणे संपल्यावर तिला तिचे नाव विचारले, तर पुन्हा ‘ते... ते...’.

हे कसे घडते?

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी आम्हाला समजावून सांगितले. बहुतेक माणसांमध्ये बोलण्याचे काम मुख्यतः मेंदूची डावी बाजू करते. चाल आणि सूर सांभाळण्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. शिवाय वर्षानुवर्षे म्हटलेल्या गाण्यातला शब्द शोधावा लागत नाही, एकामागून एक ओघाने येतो. म्हणून डावी बाजू दुखावली तरी काही रुग्णांना गाता येते. याच आधारावर अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९७३ साली सुरातून बोलणे शिकवण्याची पद्धत मांडली.

ताईंनी आमच्याकडून तसाच सराव करून घेतला. आधी दादांचे एक कडवे सगळ्यांनी मिळून म्हणायचे. मग ‘पाणी दे’, ‘भूक लागली’ अशी रोजची छोटी वाक्ये चालीवर, आईच्या डाव्या हाताने ठेका धरत म्हणायची. आधी आमच्याबरोबर, मग तिने एकटीने. नंतर चाल कमी करत साध्या बोलण्यावर यायचे. आज आई छोटी वाक्ये बोलते, भाजीवाल्याला भाव विचारते. लांब बोलताना अजून अडते.

दादांचीच गाणी का?

कारण तीच तिच्या डोक्यात पक्की बसली होती. आई शाळेत गेली नाही. तिची गाणी कानाने पाठ झालेली. दादांचे शब्द आपल्या घरातले, ध्रुपद पुन्हा पुन्हा येणारे, टाळीवर धरता येणारे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेले दादा स्वतः मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले. कुणी पत्र वाचायला दिले आणि वाचता आले नाही, ते मनाला लागले, असे सांगतात. त्याच माणसाने पुढे हजारो गाणी रचली आणि २००४ साली जाईपर्यंत समाजाला दिली. मोठ्या वयात एकेक शब्द मिळवणे म्हणजे काय, हे दादांना ठाऊक होते. आईलाही आता ठाऊक झाले.

घरच्यांनी हे लक्षात ठेवावे

• तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी अचानक झाले तरी १०८ ला फोन करा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ सांगा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही तपासणीनंतर डॉक्टर ठरवतात.

• अशा वेळी रुग्णाला पाणी, चहा, गोळी तोंडाने देऊ नका. ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकते.

• वाचा गेलेल्या माणसावर ओरडू नका, त्याला बहिरा समजू नका. ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

• गाण्याचा गुण प्रत्येकाला सारखाच येत नाही. गाता आले म्हणजे बोलणे आपोआप येते असेही नाही. वाचा-उपचार आणि रोजचा सराव लागतोच.

• रक्तदाब आणि साखरेची गोळी मनाने बंद करू नका. गाणे हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही.

ज्या घरी असा रुग्ण असेल, तिथे गायन पार्टीतल्या आणि महिला मंडळातल्या मंडळींनी आठवड्यातून एकदा जावे, त्याच्या जवळ बसून त्याला येणारे गाणे म्हणावे. पैसा लागत नाही. दादांचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग आम्हाला तरी दिसत नाही.

वामनदादांना आमच्या सगळ्या घराचा कृतज्ञ जयभीम!