मेथॉडिस्ट मंडळी: गैरसमज आणि वस्तुस्थिती (यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात)

यवतमाळ जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. तरीही शाळा, दवाखाने आणि धर्मशिक्षण यांमुळे त्याचे नाव जिल्ह्यात परिचित आहे. हा परिचय बहुधा इमारतींपुरताच राहिल्याने 'मंडळी'विषयी, म्हणजे नियमित उपासनेसाठी जमणाऱ्या आणि आपल्या आचरणाबद्दल परस्परांना उत्तरदायी असणाऱ्या श्रद्धावंतांच्या समुदायाविषयी, अनेक चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत. जिल्ह्यात ही परंपरा मुख्यतः फ्री मेथॉडिस्ट चर्चच्या रूपाने रुजली असल्यामुळे पुढील विवेचन प्रामुख्याने तिच्या आधारे केले आहे.

गैरसमज १: सर्व ख्रिस्ती मंडळ्या एकाच चर्चच्या शाखा आहेत.

वस्तुस्थिती: मेथॉडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचा धर्मगुरू होता आणि मृत्यूपर्यंत त्याने ते चर्च सोडले नाही; त्याच्या अनुयायांच्या स्वतंत्र संस्था पुढे देशोदेशी उभ्या राहिल्या. या सर्व संस्था प्रॉटेस्टंट असल्याने त्या पोपचे अधिपत्य मानत नाहीत आणि संतांकडे किंवा मरीयेकडे प्रार्थना करीत नाहीत. वऱ्हाडात मिशनांनी आपापली कार्यक्षेत्रे वाटून घेतली होती: यवतमाळ फ्री मेथॉडिस्टांकडे, अकोला-अमरावती अलायन्स मिशनकडे आणि बुलढाणा-वाशीम नाझरेन मिशनकडे होते, तर नागपुरात १८४५ मध्ये आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून स्कॉटिश मिशनचे काम सुरू झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले; परंतु अमेरिकन मूळ असलेली मोठी मेथॉडिस्ट शाखा त्या ऐक्याबाहेर राहिली आणि १९८१ मध्ये 'मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया' या नावाने स्वायत्त झाली. फ्री मेथॉडिस्ट चर्च या दोहोंहून वेगळे आहे.

गैरसमज २: 'फ्री' मेथॉडिस्ट म्हणजे शिस्तीचे बंधन नसलेले लोक.

वस्तुस्थिती: हे चर्च १८६० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात पेकिन येथे बी. टी. रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. चर्चमधील बाके भाड्याने देऊन गरिबांना मागे बसवण्याची तेव्हाची प्रथा आणि गुलामगिरी या दोहोंना त्याच्या संस्थापकांचा विरोध होता, आणि 'फ्री' या नावामागे हीच भूमिका आहे. शिस्तीच्या बाबतीत मात्र ही शाखा कडक राहिली. वेस्लीने १७४३ मध्ये सामान्य नियम घालून दिले, त्यांचा आशय असा की सभासदाने कोणाचे वाईट करू नये, शक्य तेवढे भले करावे आणि प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास व प्रभुभोजन यांत खंड पडू देऊ नये. त्याआधीच, १७४२ मध्ये, ब्रिस्टल येथे सभासदांचे सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडण्यात आले होते, आणि प्रत्येक गटाचा पुढारी दर आठवड्याला सभासदांची विचारपूस करीत असे व वर्गणीही गोळा करीत असे. आजच्या मंडळ्यांतील घरोघरच्या प्रार्थनासभा याच परंपरेशी नाते सांगतात.

गैरसमज ३: बाप्तिस्मा घेतला की तारण निश्चित होते आणि नाव-आडनाव बदलावे लागते.

वस्तुस्थिती: बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा प्रवेशविधी, हे देवाच्या कृपेचे चिन्ह मानले जाते, तारण, म्हणजे पापापासूनची मुक्ती, मात्र ख्रिस्तावरील विश्वासाने मिळते, अशी शिकवण आहे. देवाची कृपा काही निवडक लोकांपुरती नसून सर्वांसाठी खुली आहे आणि माणूस ती स्वीकारू किंवा नाकारू शकतो, हे वेस्लीचे आग्रहाचे प्रतिपादन होते. विश्वास ठेवल्यानंतर प्रेमात व आचरणात वाढत जाण्याला तो 'पवित्रीकरण' म्हणत असे. फ्री मेथॉडिस्ट परंपरेत बालकांचा आणि प्रौढांचाही बाप्तिस्मा मान्य आहे, परंतु बालपणी बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीला पुढे स्वतः विश्वासाची जाहीर कबुली दिल्याशिवाय पूर्ण सभासदत्व मिळत नाही. नाव बदलण्याची कोणतीही धार्मिक अट नाही, आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी आपली जुनी आडनावे मोठ्या प्रमाणावर टिकवली आहेत.

गैरसमज ४: प्रभुभोजनात मद्य दिले जाते.

वस्तुस्थिती: प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण म्हणून भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी, मेथॉडिस्ट परंपरेत सामान्यतः न आंबवलेल्या द्राक्षरसाने होतो. वेस्लीच्या सामान्य नियमांतच दारूबाजी, तसेच अत्यावश्यक प्रसंग वगळता तीव्र (ऊर्ध्वपातित) मद्याचे सेवन व खरेदी-विक्री निषिद्ध ठरवली होती. थॉमस वेल्च या अमेरिकन मेथॉडिस्ट गृहस्थाने १८६९ मध्ये द्राक्षरस तापवून तो आंबू न देता टिकवण्याची पद्धत वापरली, ती मुख्यतः याच विधीच्या गरजेतून.

गैरसमज ५: सर्व निर्णय पाळक किंवा परदेशी मिशनरी घेतात आणि स्त्रियांना स्थान नसते.

वस्तुस्थिती: पाळकाची, म्हणजे मंडळीच्या आध्यात्मिक प्रमुखाची, नेमणूक वार्षिक परिषद करते आणि ठरावीक काळाने त्याची बदलीही होते. या परिषदेत पाळकांबरोबर मंडळ्यांनी निवडलेले सामान्य प्रतिनिधी बसतात. फ्री मेथॉडिस्टांनी तर प्रारंभापासून दोन्ही बाजूंना समान प्रतिनिधित्व दिले. बिशपचे पदही निवडीने मिळते, वारशाने नाही. रॉबर्ट्स यांनी १८९१ मध्ये स्त्रियांच्या पाळकपदाच्या दीक्षेचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले, तरी पूर्ण दीक्षेचा अधिकार स्त्रियांना त्या चर्चमध्ये १९७४ मध्येच मिळाला. धर्मसेवकांच्या शिक्षणाच्या दृष्टीने यवतमाळचे महत्त्व जिल्ह्यापुरते नव्हते: अनेक मिशनांच्या सहकार्याने चालणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून येथे होती आणि १९८३ मध्ये ती पुण्याला हलवण्यात आली.

गैरसमज ६: उपासना पाश्चात्त्य पद्धतीची असते.

वस्तुस्थिती: उपासनेचा आराखडा, म्हणजे प्रार्थना, शास्त्रपाठ, प्रवचन, दानार्पण व आशीर्वाद, जगभरच्या चर्चशी मिळताजुळता आहे, पण तिची भाषा मराठी आहे, आणि 'उपासना संगीत' या संग्रहातील गीतांबरोबर पेटी-तबल्याच्या साथीने भजनेही म्हटली जातात. नागपुरात काही काळ राहिलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) मेथॉडिस्ट नव्हते, तरी त्यांची अभंगाच्या वळणाची गीते सर्व प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी आपली मानली. नव्या पिकाचा वाटा देवाला अर्पण करण्याचा कापणीचा सणही कापूस, तूर व ज्वारीच्या या मुलखातील शेतकरी जीवनाशी सहज जुळणारा आहे.

गैरसमज ७: मिशनच्या संस्था केवळ ख्रिस्ती लोकांसाठी असतात, धर्मांतराने सरकारी सवलती वाढतात आणि चर्चमधील विवाह कायद्याबाहेरचा असतो.

वस्तुस्थिती: उमरी येथील मिशन रुग्णालयासारख्या संस्थांची सेवा कोणत्याही धर्माच्या रुग्णाला खुली असते, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला केवळ धर्माच्या कारणाने प्रवेश नाकारण्यास राज्यघटनेच्या २९व्या अनुच्छेदाने मनाई केली आहे. सवलतींच्या बाबतीत स्थिती समजुतीच्या उलट आहे: १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो मिळत नाही, अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अशी अट नाही. चर्चमधील विवाहही कायद्याबाहेरचा विधी नसतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लेखी पूर्वसूचना देणे, ती चर्चमध्ये जाहीर लावणे आणि विवाहाची रीतसर नोंद करणे आवश्यक असते.

या सर्व समजुतींच्या मुळाशी एकच गृहीतक दिसते, ते म्हणजे मंडळी ही दुसऱ्या कोणाची तरी शाखा असून तिचा कारभार बाहेरून चालतो. सभासदांची कबुली, निवडलेल्या प्रतिनिधींची परिषद, पाळकांच्या बदल्या आणि विवाहांची नोंदवही पाहिली तर हे गृहीतक टिकत नाही. शिकवण दूरदेशीहून आली असली, तरी ती आचरणात आणणारे आणि त्या आचरणाचा हिशेब एकमेकांना देणारे लोक याच जिल्ह्यातले आहेत.