22 मजली टॉवर 50 सेंटीमीटरच्या जागेत: मॉडेल रेल्वेमागचं शहर कसं बनवायचं?

रोडपालीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून पूर्वी पनवेल-दिवा लाइनवरच्या गाड्या दिसायच्या. लांबून का होईना, पण दिसायच्या. मालगाड्या, मेमू आणि सकाळी कोकणात जाणारी मांडवी. आजीचा दुसरा चहा मांडवीच्या वेळेला ठरलेला असायचा. मग समोर टॉवर उभा राहिला. आता हॉर्न तेवढा ऐकू येतो.

म्हणून ठरवलं, ती लाइन आणि मागचं शहर घरातच बनवायचं. भिंतीवर प्लायची फळी ठोकली: 240 सेमी लांब, 40 सेमी खोल. वर कपाट असल्यामुळे उंची मिळाली फक्त 50 सेमी. रूळ टाकणं सोपं गेलं, गाडी चालवणंही जमलं. अडकलो ते इमारतींवर. या लेखात तेच बघू: छोट्या जागेत उंच शहर कसं उभं करायचं आणि त्यात आपला मोबाइल कुठे कुठे कामाला येतो.

आधी स्केलचं गणित

मॉडेल रेल्वेमध्ये तीन स्केल लक्षात ठेवा. एचओ म्हणजे 1:87, एन म्हणजे 1:160 आणि झेड म्हणजे 1:220. खऱ्या मापाला या आकड्याने भागलं की मॉडेलचं माप मिळतं.

आता हे करून बघा. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर 85 मीटर उंच आहे. एचओमध्ये तो 98 सेमी होतो. लोअर परळचा वर्ल्ड वन टॉवर 280 मीटरचा. तो एचओमध्ये 3.2 मीटर होईल, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये त्याचं टोक निघेल!

माझ्या समोरचा टॉवर 22 मजली आहे. एक मजला साधारण 3 मीटर धरला तर 66 मीटर, खालच्या पार्किंगच्या पोडियमचे 7 मीटर. एकूण 73. एचओमध्ये 84 सेमी. माझ्याकडे जागा 50 सेमी. मी हे गणित टॉवर कापून झाल्यावर केलं, म्हणून सांगतोय. सनबोर्डची दोन शीट वाया गेली.

गाडीसुद्धा खरी नसते

असं वाटेल की स्केल सोडलं तर मॉडेल खोटं ठरेल. पण गाडीकडे नीट बघा. एलएचबी डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांब असतो, एचओमध्ये 27 सेमी. 22 डब्यांची गाडी बनवली तर फक्त डबेच जवळजवळ सहा मीटर होतात. घरात कोणीच तेवढी गाडी चालवत नाही. माझी गाडी म्हणजे इंजिन आणि दोन डबे.

रुळांचंही तसंच. आपला ब्रॉडगेज 1676 मिमीचा. 1:87 ने भागलं तर 19.3 मिमी यायला हवेत. पण एचओचा बाजारात मिळणारा रूळ 16.5 मिमीचा असतो, कारण तो 1435 मिमीच्या स्टँडर्ड गेजवरून घेतलाय. म्हणजे भारतीय गाडीचं एचओ मॉडेल बहुतेक वेळा थोड्या अरुंद रुळावरच धावतं, आणि बघणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. 1998 साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे एचओ स्केलवर एक अख्खं छोटं शहर आहे आणि त्यातून गाड्या धावतात. गेलात तर एक प्रयोग करा. गाडीकडे न बघता गाडीच्या मागे काय काय ठेवलंय ते बघा. शहर खरं वाटतं ते रस्ते, दिवे, माणसं आणि इमारती यांच्या मांडणीमुळे. पट्टी घेऊन कोणी उंची मोजत बसत नाही.

मुद्दा हा की टॉवर उंच असण्यापेक्षा तो उंच वाटणं महत्त्वाचं आहे. त्यासाठी उंचीपेक्षा फरक लागतो.

दिवाळीच्या किल्ल्याची युक्ती

लहानपणी किल्ला केला असेल तर तुम्हाला ही युक्ती माहीतच आहे. मोठे मावळे पायथ्याशी ठेवले आणि छोटे वर ठेवले की किल्ला उंच आणि लांब वाटतो. उलटं केलं, म्हणजे दरवाजापेक्षा मोठा मावळा बुरुजावर बसवला, की सगळा किल्ला खेळणं होतो.

मॉडेलमध्ये हेच करायचं. पुढे मोठं स्केल, मागे छोटं. मेंदू खिडकीच्या मापावरून अंतर ओळखतो. खिडकी छोटी दिसली की तो म्हणतो, इमारत लांब आहे आणि त्या मानाने खूप उंच आहे.

माझ्या 40 सेमी खोलीची वाटणी अशी आहे:

1. पुढचे 14 सेमी: रूळ आणि फलाट, एचओमध्ये.
2. पुढचे 3 सेमी: कंपाउंडची भिंत आणि झाडं.
3. त्यामागे 8 सेमी: तळमजला अधिक चार मजल्यांच्या जुन्या इमारती, एचओमध्येच. 15 मीटरची इमारत 17 सेमी होते.
4. त्यामागे टॉवर, पण एन स्केलमध्ये. जाडी फक्त 4 सेमी, म्हणजे पुढची बाजू आणि थोड्या कडा.
5. शेवटी झेड स्केलचे सपाट टॉवर, 3 मिमी सनबोर्डवर छापील कागद चिकटवून.
6. भिंतीवर आकाश आणि डोंगरांची फिकट रेघ.

आपल्याकडे ही मांडणी फार शोधावी लागत नाही. कळंबोलीत सिडकोच्या जुन्या बुटक्या इमारती आहेत आणि रोडपालीच्या बाजूला नवीन टॉवर. बुटकी इमारत पुढे असली की मागचा टॉवर आपोआप मोठा होतो.

एन स्केलमध्ये माझा 73 मीटरचा टॉवर 46 सेमी झाला. 50 मध्ये बसला, पण डोकं कपाटाला टेकल्यासारखं दिसायला लागलं. वर आकाशच उरलं नाही. मग चार मजले कमी केले. 18 मजले आणि पोडियम मिळून 38 सेमी. घरी आलेल्या एकाही पाहुण्याने आजपर्यंत मजले मोजलेले नाहीत.

दोन गोष्टी सांभाळा. मागच्या टॉवरचा पाया दिसू देऊ नका. पुढच्या इमारती आणि झाडांनी तो झाका. आणि छोट्या स्केलच्या इमारतीशेजारी एचओचं माणूस किंवा गाडी ठेवू नका. एक चुकीचा माणूस ठेवला की सगळं बिंग फुटतं.

रंगही तसाच. मागे जाल तसा रंग फिका आणि थोडा निळसर करा. लांबची इमारत धुरकट दिसते, हे तळोजा एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मोबाइलने इमारत मोजा

ड्रोन किंवा महागडं उपकरण लागत नाही. इमारतीच्या भिंतीला अगदी लागून मित्राला उभं करा आणि तुम्ही जमेल तेवढं लांब जा. फोन सरळ उभा धरून, वर न वाकवता फोटो काढा. मित्र 1.7 मीटरचा आणि फोटोत 34 पिक्सेल असेल तर एका मीटरला 20 पिक्सेल. इमारत 1460 पिक्सेल भरली तर उंची 73 मीटर. मजले मोजून आलेल्या आकड्याशी हे ताडून बघा.

फोन वर वाकवला की वरचे मजले बारीक होतात आणि हिशोब चुकतो. फोटो भिंतीवर चिकटवायला वापरायचा असेल तर स्नॅपसीडच्या पर्स्पेक्टिव्ह टूलने उभ्या रेषा सरळ करून घ्या. मग एका मजल्याचं माप ठरवा: एचओमध्ये 34.5 मिमी, एनमध्ये 18.75 मिमी, झेडमध्ये 13.6 मिमी. प्रिंट काढताना दुकानदाराला 100 टक्के साइझ सांगा. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर प्रत्येक मजला थोडा आकसतो आणि 18 मजल्यांनंतर कडा जुळत नाहीत.

एक विनंती. लोकांच्या खिडक्यांचे फोटो काढतोय हे लक्षात असू द्या. दिवसा काढा, सोसायटीच्या वॉचमनला सांगून काढा आणि माणसं किंवा नावाच्या पाट्या फोटोत आल्या तर पुसून टाका.

दिवे: शहर जिवंत होतं ते इथे

मी आधी टॉवरच्या आत एकच पांढरी एलईडी पट्टी सोडली. चालू केली तर सगळा टॉवर आकाशकंदिलासारखा पेटला! कारण छापील कागद आणि पातळ पुठ्ठा यांतून उजेड आरपार येतो. उपाय सोपा आहे: भिंतींना आतून काळा रंग द्या, खिडक्या कापून मागे ट्रेसिंग पेपर लावा आणि पुठ्ठ्याचे कप्पे करा. एक कप्पा म्हणजे एक फ्लॅट.

एक-दोनच एलईडी लावणार असाल तर रेझिस्टर विसरू नका. 5 व्होल्टचा सप्लाय, पांढरी एलईडी साधारण 3 व्होल्ट घेते, उरले 2 व्होल्ट. 10 मिलीअँपिअर करंट हवा असेल तर 2 भागिले 0.01, म्हणजे 200 ओहम. बाजारात 220 चा मिळतो, तो लावा.

जास्त दिवे हवेत तर डब्ल्यूएस-2812-बी पट्टी घ्या. तिची प्रत्येक एलईडी एकाच डेटा वायरवरून वेगळी चालवता येते. पूर्ण पांढऱ्या उजेडाला एक एलईडी 60 मिलीअँपिअरपर्यंत घेते. म्हणजे 30 एलईडीला 1.8 अँपिअर. त्यामुळे पट्टीला पॉवर ईएसपी-32 बोर्डच्या पिनमधून न देता 5 व्होल्टच्या वेगळ्या अडॅप्टरने द्या आणि दोघांचा ग्राउंड जोडा. ब्राइटनेस मी 20 टक्क्यांच्या आसपास ठेवतो. कोडिंग नको असेल तर ईएसपी-32 वर डब्ल्यूलेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका, मग दिवे फोनवरून चालतात.

मी स्वतःचा कोड लिहिला, कारण तयार इफेक्ट लग्नाच्या रोषणाईसारखे दिसत होते. खऱ्या इमारतीचे नियम वेगळे असतात:

1. सगळे फ्लॅट एका सेकंदाला पेटत नाहीत. प्रत्येकाला वेगळी वेळ द्या.
2. काही घरं पिवळी, काही पांढरी. एखाद्या खिडकीत टीव्हीचा निळसर, हलता उजेड.
3. जिन्याची उभी रांग रात्रभर चालू.
4. चार-पाच फ्लॅट कायम अंधारात. नवीन टॉवरमध्ये रिकामी घरं असतातच.
5. अकरानंतर एकेक दिवा बंद.
6. गच्चीवर लाल दिवा, हळू उघडझाप करणारा. उंच इमारतींवर विमानांसाठी तो असतो आणि नवी मुंबई विमानतळ आता आपल्या शेजारीच आहे.

माझ्या फळीवर अख्खा दिवस 12 मिनिटांत संपतो, म्हणजे एक तास 30 सेकंदांचा.

शेवटी डोळा कुठे आहे ते बघा

ही सगळी युक्ती एका जागेवरून चालते. वरून बघितलं की मागचे टॉवर नुसते पुठ्ठे दिसतात. म्हणून फळी अशा उंचीवर ठोका की बसल्यावर तुमचा डोळा पुढच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्याला येईल. आमची फळी आजीच्या खुर्चीच्या हिशोबाने ठोकली आहे.

तपासायला फोन उलटा धरा, कॅमेरा खाली आणि चार्जिंगची बाजू वर. लेन्स फलाटाच्या उंचीला येते. 0.5 एक्सवर न जाता 1 एक्सवरच फोटो काढा. उघडा पडलेला पाया, वाकडी कड, चुकीचा माणूस, सगळं फोटोत लगेच पकडलं जातं.

पहिल्यांदा सगळं चालू केलं तेव्हा आजीने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “अरे, तो टॉवर आपल्या आणि गाडीच्या मधे आहे. तू मागे कुठे नेलास?”

म्हटलं, “मधे ठेवला तर गाडी कशी दिसणार?”

ते तिला पटलं. पण गाडी मधल्या फलाटावर थांबली तशी ती परत बोलली, “मांडवी कळंबोलीला कुठे थांबते रे?”

टॉवरची जागा चुकलेली चालली, मांडवीचा थांबा चुकलेला चालला नाही. त्याच रात्री कोड बदलला. आता गाडी फलाटावरून सरळ पुढे जाते.

तुम्ही सुरुवात एका इमारतीने करा. आज रात्री आठला गच्चीवर जा, समोरच्या इमारतीतल्या किती खिडक्या चालू आहेत ते मोजा. अकराला परत मोजा. तुमच्या कोडला लागणारे पहिले दोन आकडे तेच.