डोळ्यांनी पाहिलं, तरीही...

मार्चअखेरची रात्र म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या अशाच एका रात्री आमच्या शाखेचा ताळा जमत नव्हता. फरक फक्त सत्तावीस रुपयांचा. फरकाला नवानं भाग गेला, की कुठंतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हा जुन्या बँकवाल्यांचा आडाखा. मी माझी पानं चार वेळा तपासली, ती बिनचूक असल्याचं जाहीर केलं आणि एका तरुण कारकुनाला चारचौघांत नको ते बोललो. त्यानं उलट उत्तर दिलं नाही. माझं लेजर ओढून घेतलं आणि पाचेक मिनिटांत एका ओळीवर बोट ठेवलं. व्हाउचरवर ६३ रुपये होते, मी ३६ लिहिले होते. चारही वेळा मी ते ६३ असेच वाचले होते!

तेव्हा मी जागरणाला दोष दिला. पुढं दृष्टिभ्रमांविषयी वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं, की जागरण हे निमित्त होतं. आपली पाहण्याची रीतच तशी आहे.

डोळा कॅमेऱ्यासारखा असतो, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं. डोळ्यातल्या पडद्यावर चित्र उमटतं, तिथून सुमारे दहा लाख तंतूंची एक जुडी मेंदूकडं जाते. ही जुडी पडद्यातून जिथं बाहेर पडते, तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. म्हणजे प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो. सतराव्या शतकात एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञानं तो दाखवून दिला. आज दुपारी मुलाबाळांना घेऊन तुम्हीही तो शोधा. वहीच्या रेघी कागदावर एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडं सात-आठ सेंटिमीटरवर ठळक ठिपका द्या. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडंच पाहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. एका विशिष्ट अंतरावर ठिपका नाहीसा होईल. गंमत म्हणजे तिथं भोक दिसत नाही, वहीच्या रेघा अखंड दिसतात. आजूबाजूला आहे तेच इथंही असणार, असं धरून मेंदू रिकामी जागा भरून टाकतो, आणि आपल्याला विचारतही नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीचे एडवर्ड अॅडलसन यांनी १९९५मध्ये केलेलं एक चित्र प्रसिद्ध आहे. बुद्धिबळासारखा पट, त्यावर एक नळकांडं आणि त्याची पडलेली सावली. सावलीतला एक 'पांढरा' चौकोन आणि उजेडातला एक 'काळा' चौकोन. प्रत्यक्षात दोन्हींची करडी छटा अगदी एकच असते. कुणाचाही विश्वास बसत नाही. सावलीत वस्तू काळपट दिसते हे मेंदूला ठाऊक असतं, म्हणून तो सावलीचा हिशेब वजा करून आपल्याला रंग दाखवतो. ही चूक म्हणावी, तर तिच्यावाचून आपलं चालणार नाही. तसं नसतं, तर झाडाखाली उभ्या माणसाचा पांढरा सदरा आपल्याला मळकट वाटला असता.

हे सारं आपण अनुभवानं शिकतो का? भारतात घडलेला एक प्रयोग इथं आठवतो. एमआयटीतलेच पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. अशा आठ ते सोळा वर्षांच्या नऊ मुलांना दृष्टी मिळाल्यावर लगेचच काही आकृत्या दाखवल्या गेल्या. त्यांत १८८९मध्ये म्यूलर-लायर यांनी मांडलेली, बाणांच्या टोकांची दिशा बदलली की सारख्याच रेघा लहानमोठ्या भासणारी आकृतीही होती. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ही मुलंही फसली! ज्यांनी जग अजून नीट पाहिलंही नव्हतं, त्यांनाही तोच भास झाला. म्हणजे निदान काही भ्रम तरी पाहण्याच्या यंत्रणेतच रुजलेले असावेत.

वेदान्तातला दोरीवरचा साप आपल्या परिचयाचा आहे. दिवा आणला की साप जातो, दोरी उरते. पण या भ्रमांचं तसं नाही. पट्टी ठेवून रेघा मोजा, त्या सारख्या निघतील; पट्टी उचला, पुन्हा लहानमोठ्या दिसतील. ज्ञान झालं तरी भास जात नाही. मग उपाय काय? एकतर पट्टी, नाहीतर दुसऱ्याचे डोळे. बँकेत लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. हा नियम माणसाच्या प्रामाणिकपणावरच्या संशयातून आला, असं मी नोकरीतली कित्येक वर्षं समजत होतो. तो माणसाच्या डोळ्यांसाठीही आहे, हे मला उशिरा कळलं.

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी, ज्या चौघांसमोर बोललो होतो त्यांच्याचसमोर मी त्या कारकुनाची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "साहेब, लिहिलं मी असतं, तर मलाही दिसलं नसतं."

आता माझ्या कादंबऱ्यांची मुद्रितं आमच्या सौभाग्यवती तपासतात. तीनदा वाचून मी 'निर्दोष' ठरवलेल्या पानावर त्यांची पेन्सिल हटकून थांबते. पूर्वी मी वाद घालत असे. हल्ली चष्मा पुसतो आणि त्या दाखवतील तिथं पुन्हा पाहतो.