अकरा माणसांचा हिशेब

क्रीडावृत्तांत वाचताना कधी कधी एखादा आकडा असा समोर येतो, की तो खरा असूनही त्याच्या शेजारचा आकडा त्याला खोटे पाडू पाहतो. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, टँपा या शहरी, तेथील व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना झाला. या सामन्याला तिकडे ‘सुपर बोल’ म्हणतात. कॅन्सस सिटी चीफ्स या संघाच्या ट्रॅव्हिस केल्सी याने त्या दिवशी दहा झेल घेतले आणि त्यांतून संघाला १३३ यार्डांची वाटचाल करून दिली. एवढी कामगिरी पुष्कळ नामांकित खेळाडूंच्याही वाट्याला क्वचितच येते. असे असूनही त्याचा संघ टँपा बे बकनियर्सकडून ३१ विरुद्ध ९ गुणांनी हरला, आणि साऱ्या सामन्यात त्या संघाला एकदाही गोलरेषा ओलांडता आली नाही. मग प्रतिपक्षाने केल्सीला आवरले असे म्हणावे, की तो त्यांना आवरला नाही असे म्हणावे? आजच्या भाषणात या प्रश्नाचा थोडा उलगडा करण्याचा माझा विचार आहे.

श्रोतेहो, आपल्याकडे फुटबॉल म्हणताच जो खेळ डोळ्यांपुढे उभा राहतो, तो हा नव्हे. या खेळात चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळता येते आणि हाताने फेकताही येतो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चढाई करणाऱ्या पक्षाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. तेवढे जमले तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेला तर सहा गुण, आणि ते जमत नाही असे दिसल्यावर लाथेने खांबांमधून उडवला तर तीन. चढाईचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. त्यांनी प्रतिपक्षाला रेटायचे, थोपवायचे. पण पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचा अधिकार त्यांना नाही. तो अधिकार उरलेल्या पाच जणांचा.

या भिंतीच्या टोकाला, अगदी तिला चिकटून जो उभा राहतो, तो ‘टाइट एंड’. त्याच्या नावातच त्याची जागा सांगितलेली आहे. भिंतीतल्या गड्यांप्रमाणे त्याने समोरच्याला रेटावे, किंवा त्यांना सोडून पुढे धावावे आणि चेंडू झेलावा, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. यांपैकी आता तो कोणते करणार, हे चाल सुरू होईपर्यंत प्रतिपक्षाला कळत नाही. त्याच्या सामर्थ्याचे मूळ या संदिग्धतेत आहे.

पूर्वी या जागेवरचा माणूस मुख्यतः रेटण्यासाठीच ठेवलेला असे. १९६१ साली शिकागो बेअर्सच्या माइक डिटका याने आपल्या पहिल्याच वर्षी ५६ झेल घेऊन १०७६ यार्डांची मजल मारली, बारा वेळा गोलरेषा ओलांडली आणि या जागेची कल्पनाच पालटून टाकली. पुढे सॅन दिएगोचे प्रशिक्षक डॉन कॉरियल यांनी केलन विन्स्लो याला भिंतीजवळून उचलून मैदानात हवे तिथे उभे करावयास आरंभ केला. २ जानेवारी १९८२ रोजी मायामी येथे याच विन्स्लोने तेरा झेल घेऊन १६६ यार्ड मिळवले आणि सॅन दिएगोने तो सामना ४१ विरुद्ध ३८ असा जिंकला. तेव्हापासून बचाव करणाऱ्या पक्षाच्या प्रशिक्षकांपुढे एक प्रश्न कायमचा येऊन बसला: या माणसाचे करावे तरी काय?

सर्वांत जुना उपाय म्हणजे त्याला निघतानाच अडवणे. चाल सुरू होताच समोरच्या गड्याने त्याच्या छातीवर हात रोवावेत, त्याचा एखादा क्षण खावा, त्याची वाट वाकडी करावी. चेंडू फेकण्याची सारी आखणी क्षणांवर बसवलेली असल्याने एवढ्यानेही मोठा बिघाड होतो. परंतु १९७८ साली नियम झाला, की अशी धक्काबुक्की पहिल्या पाच यार्डांच्या आतच करावी. पाच यार्ड ओलांडताच टाइट एंड मोकळा होतो. शिवाय क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या गड्यालाच हे काम सांगितले, तर त्याची धाव उशिरा सुरू होते. एका ठिकाणी वाचवलेला क्षण दुसऱ्या ठिकाणी द्यावा लागतो.

दुसरा उपाय म्हणजे त्याच्यावर एक माणूस नेमणे. पण कोणता? बचावात भिंतीमागे उभे राहणारे लाइनबॅकर अंगाने भक्कम असतात. धावण्यात मात्र ते बहुधा कमी पडतात. सर्वांत मागे राखण करणारे सेफ्टी चपळ खरे, पण सहा फूट पाच इंच उंचीच्या आणि अडीचशे पौंड वजनाच्या माणसाच्या डोक्यावरून चेंडू हिसकावणे त्यांना जड जाते. कडेचे कॉर्नरबॅक त्याहून वेगवान, पण अंगाने हलके. त्यांना टाइट एंडसमोर आणले, की चढाईचा पक्ष चेंडू फेकण्याऐवजी तो घेऊन त्याच बाजूने पळू लागतो. १ फेब्रुवारी २०१५ रोजीच्या अंतिम सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने आपला टाइट एंड रॉब ग्रॉन्कोव्स्की याला एकदम कडेला नेऊन उभे केले. त्याच्यासमोर सिॲटलचा एक लाइनबॅकर एकटा पडला. पुढच्याच क्षणी २२ यार्डांचा झेल आणि सहा गुण! तो लाइनबॅकर काही सामान्य खेळाडू नव्हता. त्याच्या गुणांना न मानवणाऱ्या जागी त्याला ओढून नेण्यात आले होते, इतकेच.

तिसरा उपाय एकावर दोन माणसे घालण्याचा. एकाने आतल्या अंगाने, दुसऱ्याने बाहेरच्या अंगाने त्याची कोंडी करावयाची. हा उपाय बहुधा लागू पडतो. पण त्याची किंमत समजण्यासाठी साध्या वजाबाकीचा आधार घ्यावा लागेल. झेल घेण्यास पात्र असे पाच जण चढाईत असतात. बचावाचे अकरांपैकी चार जण क्वार्टरबॅकवर धावून गेले, तर सात उरतात. पाचांवर पाच नेमले, की शिल्लक राहतात दोन. ही दोन माणसे म्हणजे बचावाची सारी गंगाजळी. त्यांतला एक टाइट एंडवर खर्च केला, तर मागच्या विस्तीर्ण मैदानाची राखण एकट्यावर येऊन पडते. आणि क्वार्टरबॅकवर चारांऐवजी सहा जण धाडले, तर शिल्लक शून्य.

यावर कोणी म्हणेल, माणसांमागे माणसे कशाला धाडावीत? मैदानाचेच भाग पाडून प्रत्येकाला एकेक भाग राखावयास द्यावा. तसेही करतात. परंतु दोन भागांमध्ये शीव ही असायचीच. मागे दोन सेफ्टी अर्धे अर्धे मैदान सांभाळत असले, की त्यांच्या मधोमध उभी फट राहते, आणि नेमकी तीच टाइट एंडची आवडती वाट. ती बुजवण्यासाठी मधल्या लाइनबॅकरने मागे खोलवर धावावे, अशी रचना १९९० नंतरच्या दशकात टँपा येथेच नावारूपाला आली. पण तो मागे गेला, की त्याने सोडलेली पुढची जागा मोकळी पडते. केल्सीचे खरे कसब येथे दिसते. ठरवून दिलेल्या वाटेने आंधळेपणाने न धावता तो समोरची मांडणी वाचतो, आणि मोकळी जागा दिसली की तिथेच थबकतो. त्याचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स यालाही तो तिथे थबकणार हे उमगलेले असते.

आता आरंभीच्या कोड्याकडे वळू. त्या अंतिम सामन्यापूर्वी सुमारे दहा आठवडे, २९ नोव्हेंबर २०२० रोजी, हेच दोन संघ टँपा येथेच भेटले होते. तेव्हा कॅन्सस सिटीचा अतिवेगवान खेळाडू टायरीक हिल याने बचावाला मागे टाकून एकट्याने २६९ यार्ड मिळवले आणि चीफ्सनी तो सामना २७ विरुद्ध २४ असा जिंकला. बकनियर्सचे बचाव प्रशिक्षक टॉड बोल्स यांनी त्यापासून धडा घेतला. अंतिम सामन्यात त्यांनी बहुतेक वेळ दोन्ही सेफ्टी मागेच ठेवले. एकदम मोठी मजल मारू द्यावयाची नाही. मधल्या पट्ट्यात केल्सीला झेल मिळाले तर मिळू द्यावेत, पण झेलताक्षणी त्याला खाली पाडावे. क्वार्टरबॅकवर बहुधा चारच जण धाडले, आणि ते चार पुरेसे ठरले. कारण कॅन्सस सिटीच्या भिंतीच्या दोन्ही टोकांचे नेहमीचे गडी दुखापतीमुळे बाहेर होते. माहोम्स जीव घेऊन पळत राहिला. केल्सीला १३३ यार्ड मिळाले ते मैदानाच्या मधल्या पट्ट्यात. गोलरेषेशी पोहोचल्यावर मात्र त्यांतून लाथेचे तीन वेळा तीन गुण एवढेच हाती आले. बोल्स यांनी ते यार्ड गमावले असे म्हणण्यापेक्षा मोजून दिले, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

तथापि हा हिशेब दर वेळी जमतोच असे नाही. ११ फेब्रुवारी २०२४ च्या अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोने पूर्वार्धात केल्सीला केवळ एक झेल आणि एक यार्ड एवढ्यावर रोखले. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर नऊ झेल आणि ९३ यार्ड होते, आणि जादा वेळेत चीफ्स २५ विरुद्ध २२ असे जिंकले होते. पुढल्याच वर्षी फिलाडेल्फियाने चारांपेक्षा अधिक माणसे धाडण्याची चाल एकदाही न खेळता माहोम्सला सहा वेळा चेंडूसह खाली पाडले. केल्सीला चार झेल आणि ३९ यार्ड मिळाले. फिलाडेल्फिया ४० विरुद्ध २२ असे जिंकले. झेलणाऱ्याला आवरण्याचा उत्तम मार्ग कित्येकदा फेकणाऱ्याच्या अंगावरून जातो, तो असा.

या हिशेबाची एक बाजू मात्र सांगताना मन कचरते. ८ डिसेंबर २०१३ रोजी क्लीव्हलंडविरुद्ध खेळताना ग्रॉन्कोव्स्कीने झेल घेतला आणि त्याच्याहून पुष्कळ लहान चणीच्या एका सेफ्टीने त्याच्या गुडघ्यावर झेप घेतली. गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. त्या वर्षाचा खेळ तिथेच संपला. डोक्यावर आघात करू नये असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु एवढ्या मोठ्या देहाला छातीशी भिडून पाडणे लहान माणसाच्या आवाक्यात नसते. डोके वर्ज्य झाले, की तो पायांकडे वळतो. नियमाने एक अवयव वाचवला आणि धोका दुसऱ्या अवयवाकडे सरकला. वर सांगितलेला २०१५ मधील झेल ग्रॉन्कोव्स्कीने त्याच शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर धावत जाऊन घेतला होता.

शासकीय कामाची सवय असलेल्या माणसाला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. साधने मोजकी आणि मागण्या अनेक, अशा स्थितीत ‘सर्वत्र पुरेसे’ असे कधीच नसते. कुठे कमी पडले तर चालेल, हे आधीच ठरवावे लागते. जो प्रशिक्षक हे ठरवीत नाही, त्याच्या वतीने ते प्रतिपक्ष ठरवतो. तेव्हा केल्सीला आवरले की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या १३३ यार्डांत शोधण्यात अर्थ नाही. त्या यार्डांच्या मोबदल्यात बोल्स यांनी काय राखले, हे पाहावे लागते. आणि त्यांनी राखली होती गोलरेषा.