नोंदवही आणि रक्तपिपासू

• १८७१ : ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा. त्याच्या दुसऱ्या भागानुसार तृतीयपंथीयांची पोलिसांकडे नोंद. नोंद झालेल्याने बाईच्या वेशात चारचौघांत वावरणे, नाचणे-गाणे गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद. भयकथेला याहून काळी सामग्री कुठली?

• निजामाचे हैदराबाद संस्थान : तिथला असाच कायदा १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ च्या सुमाराचा. तेलंगण उच्च न्यायालयाने तो रद्द केला २०२३ मध्ये.

• ‘कार्मिला’ : शेरिडन ले फानू यांची कादंबरिका, १८७१-७२. तरुणीवर आसक्त झालेली रक्तपिपासू स्त्री. ‘ड्रॅक्युला’ (१८९७) आधीची.

• मराठी रंगभूमीवर स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम : विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’.

• भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ : प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांपुरते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द.