पूल हलतो, म्हणजे पडणार का?

आजचा भाग सुरू करूया भिवंडी तालुक्यातल्या कोन गावापासून. कोनहून कल्याणला जायचं तर खाडीवरचा दुर्गाडी पूल ओलांडावा लागतो. इथे एमएमआरडीएने सहा पदरी नवा पूल बांधला, त्याच्या दोन मार्गिका ३१ मे २०२१ ला सुरू झाल्या. तरी भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रेलर, एसटी, रिक्षा, दुचाक्या सगळे याच वाटेने. अशा पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि शेजारून भरलेला कंटेनर गेला, की पायाखाली थरथर जाणवते. पोटात गोळा येतो. पूल पडणार तर नाही ना?

तर आधी हे ऐका. थोडं हलणं हा पुलाचा आजार नाही. वजन आलं की गर्डर किंचित वाकतो, वजन गेलं की परत सरळ होतो. काळजी कधी करायची? तो परत सरळ होत नसेल तेव्हा, किंवा गाडी जाताना नेहमीच्या जागी मोठा आदळल्यासारखा आवाज यायला लागला तेव्हा.

दुसरा गैरसमज म्हणजे वय. जुना पूल धोक्याचा, नवा ठणठणीत, असं आपण धरून चालतो. कल्याणचा पत्री पूल १९१४ चा. तो २०१८ मध्ये धोकादायक ठरवून पाडला, म्हणजे शंभरी ओलांडून गेला. उलट गोव्यात पणजीजवळचा मांडवीवरचा पूल १९७० मध्ये सुरू झाला आणि जुलै १९८६ मध्ये कोसळला. सोळाच वर्षं! काँक्रीटच्या आतलं पोलाद गंजलं होतं.

हा गंज कसा लागतो? खाडीच्या पाण्यात आणि हवेत मीठ असतं. ते काँक्रीटमधून हळूहळू आत झिरपतं आणि सळईपर्यंत पोचतं. गंजलेलं लोखंड फुगतं, आतून दाब देतं, मग काँक्रीटला तडा जातो आणि पोपडे पडतात. म्हणजे बाहेर तपकिरी डाग दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं. डांबर मात्र वरून गुळगुळीतच!

तिसरी जागा पाण्याखाली. पुराचं पाणी खांबाला वळसा घालताना तळाची वाळू-माती उपसून नेतं आणि पाया उघडा पडतो. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल आठवा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो गेला, दोन एसटी बस आणि इतर वाहनं माणसांसकट वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी होऊन पूल वाहतुकीला योग्य ठरला होता. शेजारचा नवा पूल मात्र उभा राहिला.

मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला पडला, सात जीव गेले. त्याचंही ऑडिट झालं होतं. अहवालात फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती.

म्हणून आजचा मुद्दा एवढाच. ‘ऑडिट झालंय’ हे उत्तर अर्धं आहे. डॉक्टरने दारातूनच बघून ‘तब्येत छान’ म्हटलं तर आपण फी देऊ का? तपासणाऱ्याने मचाण किंवा क्रेन लावून गर्डरच्या खाली, हात पोचेल इतकं जवळ जायला हवं. गर्डर आणि खांब यांच्यामधली बेअरिंग पाहायला हवीत. ती अडकली, की ताण नको तिथे जातो. वरचे सांधे फुटून पाणी खाली गळतंय का, तेही पाहायला हवं. आणि पाया पावसाळ्याआधी व नंतर, दोन्ही वेळा तपासायला हवा.

तुमच्या रोजच्या पुलाबद्दल माहिती अधिकारात अर्ज करायचा असेल तर चार गोष्टी विचारा. शेवटची तपासणी कधी झाली? पाण्याखालचा भाग पाहिला का? अहवालात काय सुचवलं? आणि त्यातलं किती काम झालं? चौथा प्रश्न विसरू नका. निदान झालं, औषध कपाटातच राहिलं, असं आपल्याकडे फार होतं.

पुलाखालून कधी जाणं झालं तर मान वर करून एकदा बघा. भेटूया पुढच्या भागात!