विस्तवावरचा बर्फ
विस्तवाने बर्फ होतो म्हटले तर तुम्ही हसाल. पण १९२२ साली स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी बिनमोटरचा फ्रिज बनवला. अमोनियाला पाण्याची भारी ओढ. ज्योत त्यांची फारकत करते. वाफ झालेला अमोनिया वरच्या नळीत निवून द्रव होतो. पुढे हायड्रोजन भेटतो. एकूण दाब सगळीकडे सारखाच, म्हणून पंप नको. मात्र त्यात अमोनियाचा वाटा घटतो, तो उडू लागतो आणि कप्प्यातली उष्णता ओढून घेतो. इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट गार लागते ना, तसेच. मग पाणी त्याला पुन्हा शोषते, हायड्रोजन मोकळा होतो.

वीज नसलेल्या गावांत लशी रॉकेलच्या अशाच फ्रिजमध्ये जपल्या गेल्या. इंधन बरेच खातो, पण त्याहून जपायचे ते त्याच्या बैठकीला: फ्रिज कलला की नळ्यांतला प्रवाह अडतो, ज्योत जळत राहते आणि आतली लस तापते.